दोषाचे माप कोणाच्या पदरात?

२२ जानेवारी २०२२ची रात्र. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे या लहानशा शहरात तापमान उणे दहा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले होते आणि उत्तरार्धात बर्फही भुरभुरू लागले होते. लॅम्बो फील्ड या विख्यात मैदानावर यजमान पॅकर्स संघ १०-३ असा पुढे होता. सामना संपायला पाच मिनिटांहूनही कमी अवधी उरला होता. पाहुण्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सच्या आक्रमणाला तोवर एकदाही चेंडू गोलक्षेत्रात नेता आला नव्हता. अशा वेळी पॅकर्सने चेंडू दूर धाडण्यासाठी मारलेली किक प्रतिस्पर्ध्याने अडवली. चेंडू हवेत उडून खाली पडला, तलानोआ हुफांगा या नवोदित खेळाडूने तो उचलला आणि सहा यार्ड धावत जाऊन टचडाऊन केले. १०-१० अशी बरोबरी झाली. अखेरच्या क्षणी रॉबी गोल्डने ४५ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि पॅकर्सचा मोसम १३-१० अशा पराभवाने संपला.

त्या रात्रीपासून ग्रीन बेमध्ये जो वाद सुरू झाला, तो अमेरिकन फुटबॉलच्या प्रत्येक चाहत्याच्या परिचयाचा आहे. निसटता पराभव झाला, त्यात किकशी संबंधित एखादी चूक घडली, की एक पक्ष म्हणतो, या एका चुकीने सामना घालवला. दुसरा पक्ष विचारतो, उरलेल्या साठ मिनिटांचे काय? ग्रीन बेमध्ये या वादाला आणखी एक धार आहे. सुमारे लाखभर वस्तीच्या या शहराचा संघ कोणा धनाढ्याच्या मालकीचा नाही. पाच लाखांहून अधिक सामान्य भागधारक त्याचे मालक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही आणि भाग विकून नफाही कमावता येत नाही. मिळतो तो केवळ आपलेपणाचा हक्क. त्यामुळे तेथे चाहत्यांची चर्चा ही काही अंशी मालकांनी मांडलेला जमाखर्चही असते. हा जमाखर्च नीट मांडायचा, तर आधी खेळाची ती दुर्लक्षित बाजू समजून घ्यावी लागते.

खेळाची तिसरी बाजू

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमण करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा हे एकाच संघातील वेगवेगळे खेळाडू असतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र चेंडूला लाथ मारण्याचा प्रसंग आला, की हे दोन्ही संच बाजूला होतात आणि तिसराच संच मैदानात उतरतो. त्याला 'स्पेशल टीम्स', म्हणजे विशेष पथके, म्हणतात. डावाचा आरंभ करणारा किकऑफ, तीन गुणांसाठी दोन खांबांमधून चेंडू मारणारा फील्ड गोल, टचडाऊननंतरचा जादा गुण आणि आक्रमण अडखळल्यावर चेंडू शक्य तितका दूर धाडणारा पंट ही या पथकांची कामे. यातील प्रत्येक किक मारणारे पथक असते, तसेच तिला तोंड देणारेही असते.

सर्वसाधारण सामन्यात दीडशेच्या आसपास चाली खेळल्या जातात आणि त्यांतील पंचवीस-तीस या पथकांच्या वाट्याला येतात. संख्येने त्या थोड्या असल्या, तरी त्यांतील प्रत्येक चालीत पणाला लागलेले माप मोठे असते. आक्रमणाची एक चाल फसली तर चार-पाच यार्डांचे नुकसान होते आणि पुढची संधी हाताशी असते. पंट फसला तर एका क्षणात चाळीस-पन्नास यार्ड जमीन, चेंडूचा ताबा आणि प्रसंगी सात गुणही जातात. फील्ड गोल अडवला गेला, तर तो पुन्हा मारता येत नाही. येथे दुसरी संधी जवळजवळ नसतेच.

यात लागणारी अचूकताही थक्क करणारी आहे. फील्ड गोलच्या वेळी मधला खेळाडू वाकून, दोन्ही पायांमधून चेंडू सात-आठ यार्ड मागे फेकतो. दुसरा तो झेलून जमिनीवर टेकवून धरतो. तिसरा धावत येऊन किक मारतो. हे सारे सव्वा ते दीड सेकंदात उरकावे लागते. पंटच्या वेळी चेंडू मागे फेकण्याचे अंतर पंधरा यार्डांच्या जवळ जाते आणि चेंडू पायावर येईपर्यंत साधारण दोन सेकंद मिळतात. समोरून धावून येणाऱ्यांना रोखून धरणाऱ्या भिंतीत एका वीटभर फट पडली, तरी हिशेब चुकतो.

या कामाचे आणखी एक दुर्दैव आहे. ते चोख झाले तर कोणाच्या नजरेत भरत नाही. दूरवर चेंडू फेकणारा खेळाडू वर्षभरात शंभराहून अधिक वेळा तो अचूक फेकतो आणि घरच्या प्रेक्षकांनाही त्याचे नाव ठाऊक नसते. ते नाव लोकांना कळते ते पहिल्या चुकीच्या दिवशी. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाने अचूक टिपलेले चेंडू कोणी मोजत नाही, सुटलेला एक झेल मात्र वर्षानुवर्षे आठवला जातो, त्यातलाच हा प्रकार.

लॅम्बोवरील ती रात्र

पॅकर्सच्या त्या पराभवात चूक एकच नव्हती. पूर्वार्धाच्या अखेरीस मेसन क्रॉस्बीचा ३९ यार्डांवरील फील्ड गोल जिमी वॉर्डने अडवला होता. त्यामुळे १०-० होऊ शकणारी आघाडी ७-० वरच थांबली. उत्तरार्धाच्या पहिल्याच किकऑफवर डीबो सॅम्युएलने चेंडू ४५ यार्ड परत आणला. त्यानंतर जॉर्डन विलिसने अडवलेला तो पंट आला. आणि गोल्डने विजयी किक मारली, तेव्हा ती अडवण्यासाठी पॅकर्सचे अकराऐवजी दहाच खेळाडू मैदानात होते. मोसमातील सर्वांत मोलाच्या क्षणी एक जागा रिकामी राहिली होती.

साहजिकच चाहत्यांच्या एका पक्षाने सारा दोष विशेष पथकांवर टाकला. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. पॅकर्सच्या बचावफळीने प्रतिस्पर्ध्याला अवघे सहा गुण दिले होते. पंट अडवला जाण्याच्या थोडे आधी तर फोर्टीनायनर्सचा चौथा आणि निर्णायक प्रयत्न त्यांनी आपल्या गोलरेषेपासून वीस यार्डांच्या आत रोखून परतवला होता. बाद फेरीच्या सामन्यात सहा गुण देऊन हरणे हे बचावाच्या माथी मारता येणार नव्हते.

दुसऱ्या पक्षाने बोट दाखवले ते आक्रमणाकडे. ॲरन रॉजर्स हा त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा सन्मान त्याला चौथ्यांदा मिळाला. पहिल्याच ताब्यात त्याने संघाला टचडाऊनपर्यंत नेले. पण त्यानंतरच्या संपूर्ण सामन्यात या आक्रमणाला केवळ तीन गुणांची भर घालता आली. रॉजर्स पाच वेळा चेंडूसह पाडला गेला. १०-१० बरोबरी झाल्यावर चेंडू पुन्हा त्याच्याच हाती आला होता. तेव्हा तिसऱ्या प्रयत्नात त्याने दोन बचावपटूंच्या गराड्यात असलेल्या डावांटे ॲडम्सकडे लांब पास टाकला आणि तो वाया गेला. त्याच वेळी ॲलन लझार्ड मोकळा होता, हे चित्रफितीत दिसले आणि वादाला नवे इंधन मिळाले. दहा गुणांवर समाधान मानणाऱ्या आक्रमणाने सामना इतका चुरशीचा होऊच कसा दिला, हा या पक्षाचा प्रश्न होता.

बेरीज-वजाबाकीतील चकवा

अशा वादात चाहते हमखास एक गणित मांडतात. अडवलेल्या फील्ड गोलचे तीन गुण पॅकर्सच्या बाजूला मिळवा, अडवलेल्या पंटचे सात गुण प्रतिस्पर्ध्याकडून वजा करा, की सामना १३-६ असा पॅकर्सचा होतो. गणित चोख दिसते. त्यात एक चकवा मात्र आहे. खेळातील घटना सुट्या मण्यांसारख्या नसतात. एक मणी काढला की पुढची सारी माळ बदलते. पूर्वार्धात १०-० अशी पिछाडी असती, तर फोर्टीनायनर्सने उत्तरार्धात अधिक धोका पत्करला असता. तो धोका त्यांच्या अंगलट आला असता किंवा फळालाही आला असता. यांपैकी काय झाले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही.

मग विशेष पथकांच्या चुकाच नेमक्या का खुपतात? याचे एक कारण त्यांच्या स्वरूपात आहे. आक्रमणाचे अपयश तासभर झिरपत राहते. एखादा पास थोडा मागे पडतो, एखादी धाव अर्ध्या यार्डाने कमी पडते. त्याला एक ठिकाण नसते आणि एक चेहराही नसतो. अडवलेल्या किकला मात्र वेळ असते, जागा असते आणि बहुधा एक नाव असते. दूरचित्रवाणीवर ती पुनःपुन्हा दाखवता येते. ज्याचे चित्र आहे तोच दोषी ठरतो आणि ज्याचे चित्र नाही तो सुटतो.

दुसरे कारण सामन्याच्या निसटतेपणात आहे. वीस गुणांनी हरलेल्या सामन्यात अडवलेला पंट दुसऱ्या दिवशी कोणी आठवत नाही. तीन गुणांनी हरलेल्या सामन्यात तीन गुणांची प्रत्येक घटना निर्णायक ठरते. पण मग निर्णायक ठरणाऱ्या घटना एक-दोन नसून डझनभर असतात, आणि त्यांतील सर्वांत ठळक घटनेवर साऱ्या पराभवाचा भार टाकणे न्यायाचे होत नाही.

एका माणसावरचा निकाल

याच शहराने सात वर्षांपूर्वी हा धडा अधिक कडू रूपात घेतला होता. १८ जानेवारी २०१५ रोजी सिएटलमध्ये, सुपर बोलला जाण्याच्या उंबरठ्यावर, पॅकर्स मध्यंतरास १६-० असे आघाडीवर होते. सामन्याची शेवटची पाच मिनिटे सुरू झाली तेव्हाही १९-७ अशी आघाडी होती. अखेरची दोन मिनिटे राहिली असताना १९-१४ अशा स्थितीत सिएटलने ऑनसाइड किक मारली. या किकमध्ये चेंडू मुद्दाम जवळच मारला जातो आणि दहा यार्ड पार झाल्यावर तो कोणीही पकडू शकतो. पॅकर्सच्या ब्रँडन बॉस्टिकचे काम पुढे जाऊन प्रतिस्पर्ध्यांना अडवण्याचे होते. चेंडू झेलायचा होता तो त्याच्या मागे असलेल्या जॉर्डी नेल्सनने. चेंडू आपल्याकडे येताना पाहून बॉस्टिकने उडी मारली. चेंडू त्याच्या हातांतून निसटून सिएटलच्या ताब्यात गेला. सिएटलने पुढे आघाडी घेतली, पॅकर्सने बरोबरी साधली आणि जादा वेळेत २८-२२ असा सामना गेला.

त्या एका उडीने बॉस्टिकचे आयुष्य बदलले. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. महिनाभरातच संघाने त्याला मुक्त केले. विशेष पथकांचे प्रशिक्षक शॉन स्लोकम यांनाही त्याआधीच पद सोडावे लागले होते.

त्याच सामन्याची संपूर्ण नोंद पाहिली तर काय दिसते? पहिल्या सत्रात गोलरेषेच्या एका यार्डावर पोहोचूनही पॅकर्सने दोनदा टचडाऊनचा प्रयत्न सोडून फील्ड गोलच्या तीन-तीन गुणांवर समाधान मानले. तिसऱ्या सत्रात सिएटलने फील्ड गोलचा बहाणा करून पास टाकला आणि टचडाऊन मिळवले. पाच मिनिटे उरली असताना मॉर्गन बर्नेटने प्रतिस्पर्ध्याचा पास पकडला. समोर मोकळे मैदान असताना तो जागीच खाली बसला, कारण सामना जिंकल्यातच जमा आहे अशी समजूत होती. त्यानंतर आक्रमणाने धोका टाळून घड्याळ पुढे ढकलण्याचा प्रयत्न केला आणि चेंडू परत देऊन टाकला. ऑनसाइड किकनंतरही सिएटलला पन्नास यार्ड धावायचे होते आणि दोन गुणांचा जादा प्रयत्नही यशस्वी करायचा होता; बचावाने दोन्ही होऊ दिले. आणखी एक गोष्ट त्या गदारोळात हरवली. ज्या विशेष पथकांना सारे दूषणे देत होते, त्यांच्याच क्रॉस्बीने त्या दिवशी पाचपैकी पाच फील्ड गोल मारले होते आणि चौदा सेकंद उरले असताना सामना बरोबरीत आणला होता.

बॉस्टिकची चूक खरी होती आणि मोठीही होती. तिला साखळीतील एक कडी म्हणणे म्हणजे तिच्यावर पांघरूण घालणे नव्हे. मात्र साखळीतील शेवटच्या कड्यांपैकी एक असल्यामुळे तिच्यावर पडलेला प्रकाश तिच्या वजनाच्या मानाने कितीतरी अधिक होता.

कधीकधी तर घाईने दिलेला निकाल वस्तुस्थितीलाही धरून नसतो. ६ जानेवारी २०१९ रोजी शिकागो बेअर्सचा किकर कोडी पार्की ४३ यार्डांवरील किकसाठी उभा राहिला. संघ १६-१५ असा एका गुणाने मागे होता आणि दहा सेकंद उरले होते. चेंडू डाव्या खांबावर आदळला, तेथून आडव्या दांडीवर पडला आणि मैदानात परत आला. घरच्याच प्रेक्षकांनी पार्कीची हुर्यो उडवली. चित्रफीत बारकाईने पाहिल्यावर मात्र फिलाडेल्फियाच्या ट्रेव्हॉन हेस्टरची बोटे चेंडूला लागल्याचे दिसले आणि दुसऱ्या दिवशी लीगने अधिकृत नोंद बदलून ती किक 'अडवलेली' ठरवली. कागदोपत्री पार्की चुकला नव्हता. त्याच्या नावाला चिकटलेला शिक्का मात्र नोंदीबरोबर बदलला नाही. त्या मोसमात त्याच्या अनेक किक हुकल्या होत्या, हे खरे. पण लोकांनी त्याला शिक्षा दिली ती त्या एका किकसाठी.

चुकीच्या मागची चूक

व्यक्तीला दोष देणारी चर्चा एका टप्प्यावर थांबते. त्या टप्प्यापलीकडे गेले, की अधिक कामाचा प्रश्न भेटतो: ही चूक घडण्याजोगी परिस्थिती कोणी निर्माण केली?

राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये प्रत्येक संघाला ५३ खेळाडू ठेवता येतात आणि सामन्याच्या दिवशी त्यांतील जास्तीत जास्त ४८ उपलब्ध असतात. वेतनावर एकूण कमाल मर्यादा असते. प्रमुख खेळाडूंवर मोठा खर्च झाला, की उरलेल्या जागा तुटपुंज्या वेतनावरील तरुणांनी भरल्या जातात आणि विशेष पथके मुख्यत्वे त्यांचीच बनतात. आक्रमणातील एखादा प्रमुख खेळाडू जायबंदी झाला, तर त्याच्या जागी राखीव खेळाडू जातो आणि विशेष पथकात त्याच्या जागी आणखी नवखा येतो. त्यामुळे संघातील प्रत्येक दुखापतीची शेवटची झळ याच पथकांना बसते. त्यात २०११च्या करारानुसार मोसमात संपूर्ण संरक्षक साज चढवून करायच्या सरावांवर १४ची मर्यादा आली. मर्यादित वेळेतील किती मिनिटे आक्रमणाला द्यायची आणि किती किकला, हा निर्णय मुख्य प्रशिक्षकाचा असतो. म्हणजेच मैदानात दिसणाऱ्या सव्वा सेकंदाच्या चुकीमागे कित्येक महिन्यांचे निर्णय उभे असतात.

पॅकर्सच्या बाबतीत इशारे आधीच मिळाले होते. २०२१च्या ऑक्टोबरात सिनसिनाटीविरुद्ध एकाच सामन्यात क्रॉस्बीचे तीन फील्ड गोल हुकले होते. डिसेंबरात शिकागोच्या जकीम ग्रँटने पॅकर्सचा पंट ९७ यार्ड परत नेऊन टचडाऊन केले होते. हे दोन्ही सामने पॅकर्सने जिंकले आणि विजयाच्या पांघरुणाखाली ही भोके झाकली गेली. रिक गॉसेलिन हे ज्येष्ठ क्रीडा पत्रकार दरवर्षी २२ निकषांवर सर्व ३२ संघांच्या विशेष पथकांची क्रमवारी लावत. त्या मोसमात पॅकर्स बत्तिसावे, म्हणजे अखेरचे, ठरले. तेरा सामने जिंकणाऱ्या संघात ही उणीव दिसत होती. ती दूर करण्याची निकड मात्र कोणाला भासली नाही.

या उणिवेची किंमत किती असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१०च्या सॅन डिएगो चार्जर्सचे आहे. त्या मोसमात मिळवलेल्या यार्डांत त्यांचे आक्रमण संपूर्ण लीगमध्ये पहिले होते आणि दिलेल्या यार्डांत त्यांचा बचावही पहिला होता. असा संघ अजिंक्यपदाचा दावेदार असायला हवा. प्रत्यक्षात तो ९ विजय आणि ७ पराभव अशा कामगिरीवर अडकला आणि बाद फेरीत पोहोचलाच नाही. कॅन्सस सिटीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात ९४ यार्डांच्या पंट परतीवर टचडाऊन गेले आणि सामना सात गुणांनी हरला. सिएटलमध्ये लिऑन वॉशिंग्टनने १०१ आणि ९९ यार्डांचे दोन किकऑफ परतवून दोन टचडाऊन केले. तोही सामना सात गुणांनी गेला. ओकलंडमध्ये पहिल्याच सत्रात दोन पंट अडवले गेले आणि सामना आठ गुणांनी हातचा गेला. त्यांच्या गटाच्या विजेत्या कॅन्सस सिटीपेक्षा चार्जर्सचा अवघा एक विजय कमी होता.

चार्जर्सच्या या कहाणीत कोणा एकाचे नाव घेऊन मोकळे होता येत नाही. वेगवेगळे सामने, वेगवेगळे खेळाडू, वेगवेगळ्या किक. समान होती ती दुर्लक्षाची सवय. विशेष पथकांच्या चुकीला 'दुर्दैव' म्हणून सोडून देणाऱ्यांना आणि एका खेळाडूच्या माथी मारून मोकळे होणाऱ्यांना हा मोसम सारखेच उत्तर देतो.

दुरुस्तीची मर्यादा

२०२२च्या पराभवानंतर ग्रीन बेमधील चर्चा २०१५पेक्षा वेगळ्या वाटेने गेली. चुका इतक्या होत्या आणि इतक्या जणांच्या होत्या, की एक गुन्हेगार शोधणे अशक्य होते. पंटच्या वेळी कोणता खेळाडू मागे रेटला गेला, यापेक्षा पथकांची बांधणी कोणी केली, याची चौकशी अधिक झाली. विशेष पथकांचे प्रशिक्षक मॉरिस ड्रेटन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांच्या जागी या क्षेत्रातील जुनेजाणते रिच बिसाशिया आले. विशेष पथकांसाठी उपयोगी पडतील असे खेळाडू मुद्दाम घेतले गेले. त्यांपैकी कीशॉन निक्सन हा २०२२ आणि २०२३ असे सलग दोन मोसम किकऑफ परतवण्यात लीगमधील सर्वोत्तम म्हणून निवडला गेला. म्हणजे दोषाचे योग्य निदान झाले, की उपायही सापडतो.

तरीही खेळ अखेर माणसांचा असतो. २० जानेवारी २०२४ रोजी, जवळजवळ त्याच तारखेला आणि त्याच फोर्टीनायनर्सविरुद्ध, पॅकर्स २१-१७ असे पुढे होते. सहा मिनिटांच्या थोडा अधिक वेळ उरला असताना अँडर्स कार्लसन या नवोदित किकरचा ४१ यार्डांवरील फील्ड गोल हुकला. फोर्टीनायनर्सने त्यानंतर मैदान पार करून टचडाऊन केले आणि सामना २४-२१ असा जिंकला. पुन्हा तीन गुणांचा पराभव, पुन्हा किक आणि पुन्हा तोच वाद. त्या किकनंतर बचावाने ६९ यार्ड दिले होते आणि शेवटच्या प्रयत्नात क्वार्टरबॅक जॉर्डन लव्हचा पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला होता, याची आठवण काहींना करून द्यावीच लागली.

बफेलोतील चौक

हा वाद कसा घालावा, याचा एक जुना आणि उमदा दाखला बफेलो शहराने घालून दिला आहे. २७ जानेवारी १९९१ रोजी टॅम्पा येथे सुपर बोलमध्ये बफेलो बिल्स २०-१९ असे न्यूयॉर्क जायंट्सच्या मागे होते. आठ सेकंद उरले असताना स्कॉट नॉरवूडने ४७ यार्डांवरून किक मारली. ती उजव्या खांबाच्या बाहेरून गेली. अजिंक्यपद एका गुणाने हुकले. नियतीचा खेळ असा, की बिल्सचे मुख्य प्रशिक्षक मार्व लेव्ही हे १९६९मध्ये लीगमधील विशेष पथकांच्या पहिल्यावहिल्या स्वतंत्र प्रशिक्षकांपैकी एक होते. ज्या कलेचा पाया घालण्यात त्यांचा हात होता, तिनेच त्यांना त्या रात्री हुलकावणी दिली.

दुसऱ्या दिवशी संघ घरी परतला, तेव्हा बफेलोच्या नायगारा चौकात तीस हजारांच्या घरात लोक जमले होते. व्यासपीठावर खेळाडू उभे होते आणि गर्दीतून नॉरवूडच्या नावाचा पुकारा सुरू झाला. 'आम्हाला स्कॉट हवा' असे लोक म्हणत होते. नॉरवूड पुढे आला. इतके प्रेम आपल्याला कधीच जाणवले नव्हते, अशा आशयाचे काही शब्द त्याने दाटल्या कंठाने उच्चारले.

त्या लोकांना खेळ कळत नव्हता असे नाही. त्या अंतिम सामन्यातील साठ मिनिटांपैकी चाळीस मिनिटांहून अधिक काळ चेंडू जायंट्सच्या ताब्यात राहिला होता आणि बिल्सचा बचाव तो हिसकावून घेऊ शकला नव्हता, हे त्यांनी पाहिले होते. ४७ यार्ड हे अंतर त्या काळच्या किकरसाठी आणि त्यातही नॉरवूडसाठी सोपे नव्हते, हेही त्यांना ठाऊक होते. किक हुकली हे त्यांनी नाकारले नाही. त्या किकचे जेवढे वजन होते, तेवढेच त्यांनी तिच्या पारड्यात टाकले आणि उरलेला पराभव आपल्यासह साऱ्या संघात वाटून घेतला.

पुढच्या मोसमात नॉरवूड संघातच होता. जानेवारी १९९२मध्ये सुपर बोलच्या आधीच्या फेरीत बिल्सची गाठ डेन्व्हर ब्रॉन्कोसशी पडली. त्या सामन्यात डेन्व्हरच्या किकरचे तीन फील्ड गोल हुकले आणि नॉरवूडचा ४४ यार्डांवरील एक फील्ड गोल खांबांमधून गेला. बिल्स जिंकले. गुणफलक होता, १०-७.